चिडीने खाल्लेला दाणा

माझा हात मूळचाच सुटा. लहानपणी कोरीटला असताना आई म्हणायची, हिच्या हातात कापूस दिला तरी तो फुटेल. बरण्या फुटल्या, कंदिलाच्या काचा फुटल्या, त्यांची काही खंत नाही. पण एका वस्तूचा नुसता ज्वारीएवढा दाणा उडाला माझ्या हातून, आणि त्या दाण्यापायी आमचं घर बसलं. ते कुणाला कधी सांगितलं नाही. आता सांगते, कारण ज्यांना सांगायला हवं होतं ते कुणी उरलं नाही.

माझं माहेर कोरीटचं, रंगाऱ्याचं. पण वडलांनी रंग सोडून शेती धरली होती. लग्न सारंगखेड्याला ठरलं, नदीच्या अलीकडून पलीकडे. देश स्वतंत्र होऊन चार-सहा वर्षं झाली असतील. वडील म्हणाले, "तठे अजून हात रंगेल राहतस बेटा. तुन्हाबी रंगतीन." मी म्हटलं, रंगू देत की. शेण-मातीपेक्षा रंग काय वाईट?

सासरी माणसं तीनच. सासरे, त्यांना सगळा गाव आबा म्हणे, मीही आबाच म्हणायची. आमचे हे. आणि मी. सासू लग्नाआधीच गेलेली. घर तापीच्या उतारावर, मागच्या दारातून बाहेर पडलं की पायाखाली नदीची वाळू. रंगाऱ्याला वाहतं पाणी लागतं, बाकी घर कसंही असो.

आम्ही ओढण्या छापायचो. त्या गावातल्या बायकांसाठी नव्हेत, सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा बायकांसाठी. मांजरपाट एरंडीच्या तेलात मळायचा, हिरड्याच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा. लोखंडाचे तुकडे न् गूळ मडक्यात सडवून काळा करायचा, तुरटी चिंचोक्याच्या खळीत कालवायची. मग ठशाने छापायचं, नदीवर धुवायचं, तांब्याच्या हंड्यात लाल रंगासोबत उकळायचं, पुन्हा नदीवर. एका ओढणीला पंधरवडा सहज लागे. घराला एक वास होता, तेलकट, तुरट. पहिले आठ दिवस मला मळमळायचं. नंतर माहेरी गेले की तोच वास नाही म्हणून झोप येईना, आता बोला!

ओढणीच्या काठावर ज्वारीचं कणीस असे. त्याचा सागाचा ठसा आबांच्या वडलांनी गुजरातेतून कोरून आणलेला. आबा त्याला देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवायचे. लग्नाला महिनासुद्धा झाला नसेल, मी हात तेलकट असताना तो खाली काढायला गेले. निसटला. खालच्या दगडावर जाऊन आपटला.

"ओ माय!" एवढंच निघालं तोंडातून.

आबा आले. ठसा उचलला, फुंकर मारली, अंगठा फिरवला. कणसाच्या मधल्या ओळीतला एक दाणा उडाला होता. मी आता बोलणी खायला तयार. तर आबा म्हणाले, "एक दाना गया. बाकीना शेतस ना? रडू नको." झालं. नवा ठसा करायचं नावही काढलं नाही. पुढच्या सगळ्या ओढण्यांवर कणसात एक जागा रिकामी राहू लागली.

होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो. डोंगरातली माणसं ढोल घेऊन खाली उतरतात, वर्षाची खरेदी तेव्हा होते, न् बायकांना नवी ओढणी तेव्हाच लागते. आम्ही बैलगाडीत गठ्ठे घालून तळोद्याला जायचो. त्या वर्षी मीही गेले. एक म्हातारी होती, दर साल आबांकडूनच घ्यायची. कानात चांदीची जड कर्णफुलं, तोंडात दात दोनच. घरी ती तिची भिली बोलायची, पण बाजारात आमची अहिराणी छान बोलायची. तिने ओढणी डोळ्याशी धरली, रिकाम्या जागेवर बोट ठेवलं न् हसायलाच लागली.

"आबा, हाऊ दाना कोनी खादा? चिडीनी?"

चिडी म्हणजे चिमणी. आबाही हसले. "हां माय, चिडीनी खादा."

मी मान खाली घालून बसले. पण गंमत बघा, त्याच शब्दाचं नाव झालं. बाजारात लाल ओढण्या विकणारे आमच्यासारखे आणखीही होते. त्यांच्यापैकी कुणाकुणाचा रंग पहिल्याच धुण्यात ओहोळाला जायचा. आमचं कापड जीर्ण होऊन फाटायचं, पण रंग सुटायचा नाही. ओळखायचं कसं? तर चिडी बघायची. दुसऱ्या वर्षापासून बायका आल्या की आधी काठ उलगडून मोकळी जागा शोधायच्या. "चिडी शे का?" "शे." की ओढणी गेलीच डोक्यावर. पाढा येत नाही, अक्षर येत नाही, पण त्या दाण्याचं वाचन पक्कं. खोटं कशाला सांगू, मला भारी अभिमान वाटायचा. माझ्या वेंधळेपणाची खूण सातपुडाभर डोक्यावर मिरवत होती!

आबांना मात्र तो दाणा कायम सलायचा. म्हणायचे, लोक चांगले म्हणून चालवून घेतात, पण छापणाराने खोट ती खोटच म्हणावी. मी म्हणायची, आबा, आता तीच आपली सही झालीय. ते मान हलवायचे. पटायचं नाही.

अशी पाच-सात वर्षं बरी गेली. मग लाल रंगाचे डबे मिळेनासे झाले.

हा रंग परदेशातून यायचा, पत्र्याच्या डब्यात. आबांच्या लहानपणी आपल्याच खानदेशात आल नावाचं झाड लावायचे, त्याच्या मुळ्यांपासून लाल निघे. मग विलायती डबा स्वस्त आला न् आलीची शेतं मोडली. आबांच्या वडलांनीच मोडलेली. आता म्हणे दिल्लीत परदेशी पैसा आटला, बाहेरचा माल बेतानेच येणार. बेतानेच म्हणजे काय, तर मोठ्या गिरण्यांना परमिट न् आम्हाला वाटाण्याच्या अक्षता. हे दोंडाईच्याला, नंदुरबारला हेलपाटे घालून थकले. आबा हंड्याकडे बघत म्हणाले, "मुयी आपल्या व्हत्यात तवय डबा कसाले लिना आपीन?" मुळ्या आपल्या होत्या तेव्हा डबा कशाला घेतला आपण.

त्याच वर्षीची दत्तजयंतीची यात्रा. आमच्या गावाला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, लांबलांबून लोक येतात. उरल्यासुरल्या रंगात केलेल्या ओढण्या घेऊन मी रस्त्याकडेला बसले होते. आबा नदीवर, हे चहाला गेलेले. एक सुरतकडचा शेठ आला, घोडा बघायला आलेला. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी. ओढणी दोन बोटांत धरून म्हणाला, "बेन, आवी ओढणी तो बधे मळे छे."

असली सगळीकडे मिळते म्हणे! माझं डोकंच फिरलं. त्या वर्षी आधीच सगळ्यांचं ऐकून ऐकून मी तापलेली. म्हटलं, सगळीकडे? बसा इथे. आणि काठ उलगडून त्याच्यासमोर टाकला. हे कणीस बघा. हा दाणा बघा, नाहीये ना? याला चिडी म्हणतात. डोंगरातली बाई ही जागा बघितल्याशिवाय कापडाला हात लावत नाही. तुमच्या दुकानात हजार ओढण्या असू देत, ही चिडी नसेल तर एक खपायची नाही तळोद्याला. घरात जाऊन मी ठसासुद्धा आणून दाखवला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच.

शेठ सगळं नीट ऐकून घेत होता. मधूनमधून "सरस, सरस" म्हणत होता. दोन ओढण्या घेतल्या, घासाघीस केली नाही. व्यापारी माणूस आणि घासाघीस नाही, तिथेच मला कळायला हवं होतं. पण मी फुगलेली. हे चहाहून आले तर त्यांनाही सांगितलं नाही. एवढ्या-तेवढ्या विक्रीचं काय सांगायचं, असं वाटलं.

उन्हाळ्यात यांनी घर सोडलं. रंग नाही तर बसून काय करायचं? सुरतेला एका कापडाच्या गिरणीत घड्या घालायचं काम मिळालं. निघताना आबा म्हणाले, "डबा मियना की परत ये." हे हो म्हणाले. तिथून पत्रं यायची. मी चौथी शिकलेली, म्हणून मीच आबांना वाचून दाखवायची. एकदा लिहिलं होतं की परदेशाहून छपाईचं नवं यंत्र आलं आहे, आपण वर्षभर छापतो तेवढं कापड ते जेवणाच्या सुट्टीआधी छापून मोकळं होतं. आबांनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. "धोवाले कोन जास?" त्यांनी विचारलं. एवढं कापड धुवायला कोण जातं. मी म्हटलं, पत्रात नाही लिहिलेलं.

पुढच्या यात्रेला आबा एकटेच फिरून आले. हातात एक ओढणी होती. माझ्या मांडीवर टाकली. "दख."

लालभडक. काठावर ज्वारीचं कणीस. मधल्या ओळीत एक जागा रिकामी.

मी पुढचं कणीस बघितलं. तिथेही रिकामी. सगळ्या काठभर, एकही चूक न करता, माझ्या हातून उडालेला तो दाणा प्रत्येक ठिकाणी उडालेला. यात्रेत सुरतेच्या गिरणीच्या एका नव्या दुकानावर त्याची थप्पीच लागली होती, आमच्या निम्म्याहून कमी भावात.

आबांनी ओढणी नाकाशी नेली. "हिरडा नही, तेल नही. घासलेटना वास येस." मग खाली बसले, न् माझ्याकडे न बघता म्हणाले, "चिडी कोन्ही सांगं त्यासले? सुरतले आपला कोन शे?"

त्यांना चिडी कुणी सांगितली, सुरतेला आपलं कोण आहे. मी काही बोलायच्या आत त्यांचं त्यांनीच ठरवलं. "मन्हाच अंडोरनी ईकं," म्हणाले. माझ्याच पोराने विकलं.

आता सांगायचं, या क्षणी सांगायचं, असं माझं मन ओरडत होतं. आबा मारणारे-बोलणारे नव्हते. ठसा आपटला तेव्हा ज्या माणसाने "रडू नको" म्हटलं, त्याला सांगायला कसली भीती? पण नेमकी तीच भीती. त्याच तोंडाने पुन्हा "रडू नको" म्हणाले असते तर मी मेले असते. म्हटलं, उद्या सांगू. जीभ शेठसमोर कशी सुटली होती सुसाट! आणि आता टाळूला चिकटली, मेली.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला पत्र लिहायला बसवलं. तुझं काम झालं, आता घरी येण्याची गरज नाही, असं लिही म्हणाले. आणि मी लिहिलं हो! माझ्या हाताने, माझ्याच नवऱ्याला. खाली दोन बोटं जागा शिल्लक होती. आबांना वाचता येत नव्हतं, मी तिथे खरं काय ते लिहू शकत होते. मी तिथे लिहिलं, तब्येतीस जपावे.

यांचं उत्तर आलं. आबा, मी काही केलेलं नाही, मी घड्या घालतो, मला छपाईच्या खात्यात जाऊही देत नाहीत. मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. आबा म्हणाले, "खोटं बोलस." पत्र चुलीत गेलं.

आबांनी मग हट्टच धरला. कुठून कुठून फिरून, एका जुन्या रंगाऱ्याच्या घरातून शेवटचा एक डबा आणला. ठसा घेतला. रिकाम्या जागी बारीक भोक पाडून सागाची खुंटी बसवली आणि कानशीने घासत घासत तिला दाण्याचा आकार दिला. दोन दिवस तेच. डोळ्यांना नीट दिसायचं नाही, पण दाणा असा बसवला की ओळखू येऊ नये. "गिरनीले खुडेल दाना लखलाभ," म्हणाले. "आपला आते पुरा शे. लोके दखतीन खरं काय, खोटं काय."

मला त्याच क्षणी कळलं होतं की हे चुकतंय. डोंगरातल्या बायका पुरा दाणा बघायला येत नाहीत, रिकामी जागा बघायला येतात. मी म्हणाले, "आबा, ऱ्हाऊ द्या ना तसाच."

"चोरना माल आनि आपला माल सारखा दिसू देऊ?" त्यांनी विचारलं.

यावर बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं. मी गप्प बसले. दुसऱ्यांदा.

आयुष्यात इतकं सुंदर काम आम्ही केलं नव्हतं. यांच्या जागी मी छापायला उभी राहिले, आबा हंड्यापाशी. नदीच्या गार पाण्यात मी कमरेइतकी उभी राहून एकेक ओढणी धुतली. वाळूवर वाळत घातल्या तेव्हा गावातले लोक बघायला आले. कणीस असं भरलेलं की वाटावं आत्ता हुरडा पडेल. आबा काठीला टेकून त्या वाळत घातलेल्या ओळींमधून फिरत होते, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी तपकीर ओढली.

होळीआधी आम्ही दोघं तळोद्याला गेलो. नेहमीच्या झाडाखाली बसलो. ढोल वाजत होते, बायका घोळक्याने येत होत्या. येत, काठ उलगडत, बोट फिरवत, एकमेकींकडे बघत आणि ओढणी खाली ठेवून पुढे जात. समोरच्या रांगेत गिरणीच्या ओढण्यांचं दुकान होतं. तिथे जाऊन बोट ठेवत, हसत, डोक्यावर घेत. दुपारपर्यंत आमची एकही गेली नव्हती.

मग ती म्हातारी आली. तिला बघून मला हायसं वाटलं. ही तरी ओळखेल. आबांनी स्वतः उठून तिला चांगल्यातली चांगली ओढणी काढून दिली. तिने डोळ्याशी धरली. एक कणीस बघितलं, दुसरं बघितलं. मग आबांच्या तोंडाकडे बघितलं.

"आबा, चिडी कोठे शे?"

"आते पुरा दाना करा, माय," आबा म्हणाले. "हाई खरं शे. ते समोरनं खोटं शे."

म्हातारीने स्वतःच्या डोक्यावरची जुनी ओढणी ओढून समोर धरली. आमचीच, धुऊन धुऊन विरलेली. रिकामी जागा दाखवली. मग समोरच्या दुकानाकडे बोट केलं. तिथे आहे, तुझ्यात नाही. ती रागावली नव्हती, त्यानेच जास्त लागलं. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आबा, तुम्हीबी फसाडाले लागनात का?"

तुम्हीसुद्धा फसवायला लागलात का. ज्या माणसाने उभ्या जन्मात कच्चा रंग विकला नाही, त्याला!

मला राहवलं नाही. मी उठून तिचा हात धरला, म्हटलं, मावशी, तो दाणा मी पाडलाय, या हाताने, आमचाच माल आहे हा, वास घेऊन बघा. ती माझा हात थोपटत राहिली, वेड्या माणसाला थोपटावं तशी. मग समोर गेली आणि गिरणीची ओढणी घेतली.

आबांनी आवरायला घेतलं. ओढण्यांच्या घड्या घातल्या, गाठोडं बांधलं. परतीच्या वाटेवर शहाद्याजवळ बैलांना पाणी पाजायला थांबलो, तेव्हा म्हणाले, "पोरगानी घर बुडायं." पोराने घर बुडवलं. मी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिसऱ्यांदा गप्प बसले. मोजलेत मी.

गिरणीच्या ओढण्यांचा रंग म्हणे पावसाळ्यातच उतरला. पण तोवर आमच्याकडे छापायला काही नव्हतं न् आबांच्यात जीव नव्हता. छपाईच्या पाटावर मी पापड वाळत घालायला लागले. हंडा मोडीत गेला. दिवाळीला हे आले तर आबांनी भिंतीकडे तोंड केलं, यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. हे माझ्याकडे बघायचे, की तू तरी काही बोल. मी स्वयंपाकघरात जायची. तीन दिवाळ्या अशाच गेल्या. मग आबा गेले. शेवटच्या दिवसांत अंगठा गादीवर सारखा फिरवायचे, ठशावर फिरवत तसा.

तेराव्यानंतर हे परत सुरतेला निघाले. दोंडाईच्याची गाडी गाठायची होती, म्हणून मी घाईने भाकरी करत होते. यांनी फळीवरचा ठसा काढला. उजेडाला धरून बघत बसले. अंगठा त्या खुंटीवर थांबला.

"हाऊ दाना कोन्ही भरा?"

"आबांनी."

मग ठशाकडेच बघत म्हणाले, "त्या गिरनीले मी नही सांगं व्हतं."

"माले मालूम शे," मी म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलंच. तव्यावरची भाकरी करपत होती. यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि किती वेळ बघितलं ते देवच जाणे. मी डोळे वर केले नाहीत. त्यांनी ठसा होता तिथे नीट ठेवला, पिशवी खांद्याला लावली.

"भाकर बांधी का?" त्यांनी विचारलं.

"बांधी," मी म्हणाले.